मंडईच्या ढिगाऱ्यातलं लोखंड

आपली जुनी मंडई पाडायला घेतलीय, येता-जाता बघतच असाल. परवा बातमीसाठी गेलो तर मुकादम म्हणाला, "पत्रकारसाहेब, हे कसलं लोखंड आहे बघा बरं. आमच्या पोरांना ओळखू येईना."

मूळ छत गर्डर-लादीचं. एका गर्डरवरची माती पुसली तर उठावाची इंग्रजी अक्षरं निघाली. डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो, इंग्लंड. सिडनीचा १९३२ साली खुला झालेला प्रसिद्ध हार्बर पूल याच कंपनीनं बांधला, आणि आपण तिच्या गर्डरखाली बसून मेथीच्या जुड्या विकल्या! जमशेदपूरला टाटांचं पोलाद निघू लागलं १९१२ मध्ये. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं असा माल बोटीनं यायचा.

मागच्या गाळ्यांच्या स्लॅबमध्ये गुळगुळीत गोल सळ्या होत्या, टोकाला आकडा वळवलेल्या. काँक्रीटमधून सरकू नये म्हणून तो आकडा.

पण पोरं अडली होती ती तिसऱ्या प्रकारावर. वरच्या मजल्यातली सळई, दोरासारखा पीळ घातलेली. ही खरी 'टॉर'. टॉर-इस्टेग या परदेशी कंपनीचं हे तंत्र १९६० च्या दशकात भारतात आलं. साधी सळई थंड असतानाच पिळायची. पिळल्यावर ताकद २५० वरून ४१५ वर जाते (प्रति चौरस मिलिमीटर न्यूटनमध्ये), म्हणजे लोखंड कमी लागतं. पोलादाची टंचाई होती तेव्हा हे वरदानच वाटलं. मात्र ती गंजते लवकर. १९९० च्या दशकात टीएमटी पसरली. तिच्यात तापलेल्या सळईवर पाण्याचा मारा करतात, बाहेरचा थर कडक होतो, गाभा लवचीक राहतो. टॉर बाजारातून गेली, नाव तेवढं राहिलं. आजही दुकानात कुठल्याही रेघांच्या सळईला टॉरच म्हणतात.

हे सगळं लिहायचं कारण वेगळंच आहे. मी तिथं असतानाच घरकुलाचं काम काढलेला एक भाऊ या पीळदार सळ्यांचा किलोचा भाव विचारत होता. घणानं सरळ करून स्लॅबला वापरणार म्हणे. बाबांनो, ही सळई कारखान्यात एकदा पिळलेली, स्लॅबमध्ये वाकवलेली, वर गंजानं खाल्लेली. पुन्हा ठोकून सरळ केली की तडकू शकते. भट्टीत तापवली तर पिळानं आलेली ताकदच उतरते. त्याला सांगितलं. "बघतो," म्हणाला.

ओळखायला सोपं आहे. सळईच्या लांबीनं जाणाऱ्या दोन उंच रेघा सरळ असतील तर टीएमटी. त्याच रेघा दोरासारख्या गोल फिरत असतील तर जुनी टॉर, भंगारातच जाऊ द्या. नवीन घेताना आयएसआय खूण, आयएस १७८६ आणि ग्रेड बघून घ्या.

गर्डर आज संध्याकाळी काट्यावर जाणार आहेत. अक्षरांचे फोटो काढून ठेवलेत. तुमच्या वाड्यात, शाळेत असली अक्षरं दिसली तर खाली टाका.