'मैत्री' प्रशिक्षण आणि पशुसेवेची कायदेशीर मर्यादा

जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. त्याला एक अपवाद आहे. पशुधन पर्यवेक्षक, स्टॉकमन यांसारख्या पदविका वा प्रमाणपत्रधारकांना राज्य शासन आदेशाद्वारे गौण पशुवैद्यकीय सेवेची परवानगी देऊ शकते. लसीकरण, खच्चीकरण, जखमांची मलमपट्टी आणि शासनाने अधिसूचित केलेले प्राथमिक उपचार या सेवेत मोडतात. तेही पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली.

राष्ट्रीय गोकुळ मिशनअंतर्गत ग्रामीण तरुणांना दिले जाणारे 'मैत्री' प्रशिक्षण कृत्रिम रेतनावर केंद्रित आहे. त्याचा कालावधी तीन महिने : एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष क्षेत्रावर. पशुवैद्यक पदवीला आंतरवासितेसह साडेपाच वर्षे लागतात, हे लक्षात घेता या प्रमाणपत्राकडून किती अपेक्षा ठेवावी, हे उघड आहे.

मात्र जे शिकवले जाते ते सोपे नाही. गोठीत रेतकांडी उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नत्रात असते. ती साधारण ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट ठेवून वितळवायची, एक हात गुदमार्गातून घालून गर्भाशयमुख पकडायचे आणि दुसऱ्या हाताने रेतन नलिका योनिमार्गातून तेथवर न्यायची. ही ओळख पुस्तकाने होत नाही, हातालाच व्हावी लागते. वेळेचे गणितही तितकेच नेमके : सकाळी माजावर आलेल्या गाईला संध्याकाळी, संध्याकाळच्या गाईला दुसऱ्या सकाळी. गाय उलटली तर पुढचा माज सुमारे २१ दिवसांनी. तोवरचा चारा पशुपालकाच्या खिशातून.

प्रशिक्षणानंतर साधनसामग्रीसाठी साहाय्य मिळते; कायम पगार मात्र नाही. उत्पन्न प्रत्येक सेवेच्या शुल्कावर. खरी अडचण येथेच उद्भवते. रात्री गाय अडली, वार पडली नाही, तर गावात पहिली हाक यालाच जाते आणि तीही 'डॉक्टर' म्हणून. नकार दिला तर गिऱ्हाईक तुटते; प्रतिजैविक टोचले तर कायद्याची मर्यादा ओलांडली जाते आणि औषधाचा अंश दुधात उतरतो. जवळच्या पशुवैद्यकाचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवणारा आणि तो वेळीच लावणारा तंत्रज्ञ म्हणूनच अधिक भरवशाचा मानावा.

पशुपालकानेही प्रमाणपत्र पाहून घ्यावे. रेतकांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. तो तारखेसह वहीत उतरवावा, म्हणजे पुढे त्याच वळूचे रेत त्याच्या कालवडीला वापरले जाणार नाही.