मांड आणि माप

घोड्यावरच्या बसण्याला मराठीने 'मांड' हा स्वतंत्र शब्द दिला आहे. मांड पक्की असते, ढिली असते, मांड ठोकून बसता येते. मांडीशी असलेले या शब्दाचे नाते उघडच आहे. सायकलच्या वाट्याला असा शब्द आला नाही. मराठी माणूस शतकाहून अधिक काळ सायकलवर बसतो आहे. त्याने तिला एके काळी 'पायगाडी' म्हणून पाहिले, 'दुचाकी' म्हटले आणि ते नाव पुढे मोटारसायकलने बळकावल्यावर निमूटपणे 'सायकल' हाच शब्द ठेवला. तो सायकल चालवतो, मारतो, हाणतो. पण तिच्यावर बसतो कसा, हे सांगण्याची गरज भाषेला कधी भासली नाही. अलीकडे पुण्यामुंबईत पैसे घेऊन ही बैठक जमवून देणारे व्यावसायिक झाले आहेत. गिऱ्हाइकाला त्याच्याच सायकलवर बसवून, सायकल जागच्या जागी स्थिर करून, दोन-तीन तास त्याचे गुडघे, नितंब, खांदे आणि मनगटे यांची मापे घेतली जातात. या प्रकाराला 'बाईक फिटिंग' म्हणतात. आम्हांला त्यात रस आहे तो एका ऐतिहासिक प्रश्नापुरता : सायकल अंगाच्या मापाने बेतून घ्यायची असते, ही कल्पना आपल्याकडे इतकी उशिरा का आली?

'बेतणे' हा शब्द शिंप्याचा. साहित्याच्या अभ्यासकांनी तो उसना घेतला आणि कादंबरीवर नाटक 'बेतले' जाऊ लागले. शिंपी अंगाचे माप घेऊन कापड बेततो. पण शिंप्याचे दुकान सोडले, तर आपल्या जुन्या व्यवहारात मोजमापाची दिशा उलटी होती. कापड हातावर मोजत, दोरी वितीवर, विहिरीतले पाणी पुरुषांवर. शरीर हे मोजण्याचे साधन होते, मोजण्याची वस्तू नव्हे. घोडेस्वार रिकिबीची लांबी ठरवतानाही हेच करी. रिकिबीचा पट्टा बोटांच्या टोकापासून काखेपर्यंत भरला की झाले. विशेष म्हणजे सायकलच्या दुकानांतही दीर्घकाळ असाच एक ठोकताळा चालत आलेला आहे. सीट काखेत धरायची, हात खाली सोडायचा आणि बोटांची टोके पायडलच्या मधल्या धुरीला टेकतात का ते पाहायचे. कोपर सीटच्या टोकाशी ठेवून बोटे हँडलपर्यंत पोहोचतात का, हे दुसरे माप. हात आणि वीत यांच्या युगाचा हा शेवटचा अवशेष असावा.

पहिली लोकप्रिय सायकल मात्र, चमत्कारिक वाटेल, पण मापानेच विकली जात होती. १८७० च्या दशकात इंग्लंडात रूढ झालेल्या, पुढे प्रचंड आणि मागे चिमुकले चाक असलेल्या उंच सायकलीचे पायडल थेट पुढच्या चाकाच्या धुरीला जोडलेले असे. चाक जितके मोठे तितकी एका फेऱ्यात गाडी पुढे जाणार. आणि चाक किती मोठे असावे याची सीमा एकच, ती म्हणजे स्वाराच्या पायाची लांबी. त्यामुळे गिऱ्हाइकाची तंगडी मोजून त्याला पन्नास इंची किंवा चोपन्न इंची चाकाची गाडी दिली जाई. लांब पायांचा माणूस केवळ लांब पायांमुळे वेगवान ठरत असे. हा जन्मजात अन्याय मोडला तो साखळीने. जॉन केम्प स्टार्ले यांची 'रोव्हर' ही 'सेफ्टी' सायकल १८८५ मधली. पायडल मध्ये, साखळी मागच्या चाकाला, दोन्ही चाके जवळपास सारखी. १८८८ मध्ये डनलॉप यांची हवा भरलेली धाव आली आणि आजची सायकल सिद्ध झाली.

या बदलाकडे सहसा सुरक्षिततेच्या किंवा वेगाच्या अंगाने पाहिले जाते. आमच्या मते त्याचा अधिक दूरगामी परिणाम वेगळाच आहे. साखळीने चाक आणि पाय यांची ताटातूट केली. आता सीटची दांडी वरखाली करता येऊ लागली, म्हणजेच एकच सांगाडा अनेक शरीरांना चालू लागला. बेतलेल्या कपड्याची जागा तयार कपड्याने घ्यावी तसे हे झाले. कारखान्यातून लाखांनी सायकली निघणे शक्य झाले ते यामुळेच. सायकल सर्वांची झाली, कारण ती कोणा एकाच्या मापाची राहिली नाही.

भारतात आली ती ही 'सर्वांची' सायकल. आधी इंग्रजी बनावटीची, आणि स्वातंत्र्यानंतर इथल्या कारखान्यांची : मद्रासेत १९४९ मध्ये सुरू झालेल्या टी. आय. सायकल्सची हर्क्युलिस, आसनसोलची सेन-रॅले, सोनीपतची ॲटलस (१९५१), लुधियानाची हीरो (१९५६). काळी, जड, अठ्ठावीस इंची चाकांची, आडव्या दांडीची. तिचे माप दोनच प्रकारचे, बावीस इंची आणि चोवीस इंची. तेही चाकाचे नव्हे तर सांगाड्याच्या उभ्या नळीचे. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला, बाजारातले शेर आणि मण गेले. सायकलचे इंच मात्र आजतागायत हलले नाहीत. दुकानदार गिऱ्हाइकाकडे एक दृष्टिक्षेप टाकून 'बावीस' किंवा 'चोवीस' म्हणे. तेवढेच आपले 'फिटिंग'.

पण ही केवळ गरिबी किंवा अज्ञान होते, असे मानणे आम्हांला मान्य नाही. त्या सायकलवर एकच शरीर बसत नव्हते. वडील तिच्यावरून कचेरीत जात, थोरला संध्याकाळी क्लासला, धाकटा दुपारी पिठाची गिरणी गाठी. कॅरियरवर डबलसीट, दांडीवर लहान मूल, हँडलला पिशव्या. जी वस्तू घराची असते ती एकाच्या अंगाला बेतता येत नाही. आणि सीट रोज वरखाली करायला पाना कोण शोधणार? ज्याचे पाय पोहोचत नसत तो आडव्या दांडीखालून, सांगाड्याच्या त्रिकोणातून पाय पलीकडे घालून अर्धवट फेऱ्यांनी 'हाफ पायडल' मारी. शरीर एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला कललेली, आणि तोल दोघांच्या मधोमध कुठेतरी. कोणत्याही फिटिंगतज्ज्ञाने कपाळाला हात लावावा अशी ही बैठक. परंतु इथे सायकल शरीराला बेतलेली नसून शरीर सायकलला बेतले होते, आणि महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या अशाच शिकल्या.

दुसरे कारण रस्त्याचे. ते समजण्यासाठी तळेऱ्याचे उदाहरण घेऊ. कणकवली तालुक्यातले हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर आहे. इथून पश्चिमेला विजयदुर्गाचा रस्ता फुटतो, तर पूर्वेला वैभववाडीवरून करूळ घाटाने गगनबावडा आणि पुढे कोल्हापूर. म्हणजे बंदर, महामार्ग आणि घाट या तिघांची गाठ एका नाक्यावर पडते. महामार्ग पूर्वी सतरा क्रमांकाचा होता, आता सहासष्ट क्रमांकाचा आणि चौपदरी आहे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्णपणे सुरू झाली. त्याआधीच्या काळात एसटीच्या टपावर चढवलेली सायकल हे कोकणातले परिचित दृश्य होते. अशा मुलखात सायकलने काय करावे? रस्ता सतत चढतो आणि उतरतो. वस्त्या रस्त्यापासून दूर, जांभ्या दगडाच्या पाखाड्यांवर. तिथे सायकल न्यायची म्हणजे खांद्यावर. घाटात तर गियर नसलेल्या, सामानाने लादलेल्या सायकलवरून उतरून चालणे हाच शहाणपणा. पावसाळ्यात ब्रेकचे रबर ओल्या रिमवर घसरणार, म्हणून उतारावर पाय जमिनीला टेकवण्याची सोय हवी. नाक्यावर एसटी, ट्रक आणि गुरे एकाच वेळी आडवी येणार.

अशा ठिकाणी सीट खाली असणे हा दोष नाही, ती गरज आहे. शास्त्र सांगते की सीट अशी उंच असावी की पायडल खालच्या बिंदूवर असताना गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. पण तेवढ्या उंचीवर बसलेल्याचा पाय जमिनीला टेकत नाही; टेकला तर अंगठ्यापुरता. ज्याला दर शंभर पावलांवर थांबावे लागते, त्याला हे माप लावणे म्हणजे कीर्तनकाराला खुर्चीत बसवण्यासारखे आहे. फिटिंग म्हणजे शरीर आणि सायकल यांचा जुळारा असे सांगितले जाते. त्यात रस्ता हा तिसरा पक्ष असतो, आणि बहुधा त्याचेच मत निर्णायक ठरते.

मग अंगाचे माप सायकलकडे परतले कसे? शर्यतींच्या वाटेने. शर्यतीत सायकल पुन्हा एका शरीराची झाली आणि हे शरीर तासन्तास न थांबता तीच हालचाल करू लागले. मिनिटाला ऐंशी फेरे धरले तरी तासाला चार हजार आठशे होतात. एका फेऱ्यातली क्षुल्लक चूक इतक्या वेळा गिरवली गेली की तिचे दुखणे होते : सीट खाली असेल तर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, फार वर असेल तर मागच्या बाजूला, हँडल लांब असेल तर मान आणि हाताची बोटे बधिर. १९६७ मध्ये हॅम्ली आणि थॉमस या ब्रिटिश संशोधकांनी सीटच्या उंचीचे सूत्र मांडले. जांघेपासून जमिनीपर्यंतच्या उंचीच्या १०९ टक्के इतके अंतर खाली गेलेल्या पायडलपासून सीटपर्यंत असावे. दुसरे सूत्र फ्रेंच प्रशिक्षक सिरिल ग्विमार यांच्या परंपरेतले. तीच उंची ०.८८३ ने गुणायची, म्हणजे मधल्या धुरीपासून सीटपर्यंतचे अंतर मिळते. ग्विमार यांच्या हाताखाली घडलेले ग्रेग लेमाँड यांच्या पुस्तकामुळे ते जगभर गेले. जांघ ८० सेंटिमीटर असेल तर दुसऱ्या सूत्राने ७०.६ येतात, पहिल्या सूत्राने ८७.२ आणि त्यातून पायडलच्या दांड्याचे १७ वजा केले की ७०.२. वेगवेगळ्या वाटांनी आलेली दोन सूत्रे अर्ध्या सेंटिमीटरच्या आत एकमेकांना भेटतात, हे पाहून अभ्यासकाला बरे वाटते. (जांघेचे माप घेण्याची रूढ रीत आमच्या वाचकांना विशेष आवडेल : भिंतीला पाठ लावून उभे राहायचे आणि जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक, कणा वर करून, दोन्ही पायांमध्ये घट्ट दाबून धरायचे. पुस्तक कोणते असावे याबाबत शास्त्र मौन पाळते.)

याच लेमाँड यांनी १९८९ च्या फ्रान्सच्या फेरीत शेवटच्या दिवशी, व्हर्सायहून पॅरिसला येणाऱ्या साडेचोवीस किलोमीटरच्या टप्प्यात, लोरां फिन्याँ यांची पन्नास सेकंदांची आघाडी मोडून आठ सेकंदांनी फेरी जिंकली. त्यांच्या हँडलला पुढे काढलेल्या दांड्या होत्या. कोपरे टेकवून, हात जवळ घेऊन, ते वाऱ्याला कमीत कमी अंग देत बसले होते. केवळ बैठकीमुळे जिंकले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यानंतर बैठकीकडे कोणी दुर्लक्ष केले नाही.

सूत्रांनंतर उपकरणे आली. गवंड्याचा ओळंबा गुडघ्यापासून सोडून तो पायडलच्या धुरीवरून जातो का, हे पाहण्याची रीत सर्वत्र रूढ झाली. तिला शास्त्रीय आधार फारसा नाही, हे सायकल बनवणारे कीथ बाँट्रेगर यांनी एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले. तरी ओळंबा सुटला नाही, कारण कुठून तरी सुरुवात करावी लागतेच. मग कोनमापक आला आणि खालच्या बिंदूवर गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला असावा असे ठरले. २००७ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या 'रेट्युल' कंपनीने सांध्यांवर प्रकाशबिंदू चिकटवून त्यांची हालचाल संगणकावर टिपण्याची पद्धत आणली. आज आपल्या शहरांत मिळणारे फिटिंग या साऱ्या परंपरांची सरमिसळ आहे. त्याला गिऱ्हाईक मिळाले ते लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीमुळे. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, चाळीस तासांत सहाशे, अशा 'ब्रेव्हे' गेल्या दीड दशकात महाराष्ट्रात फोफावल्या. अमेरिका आडवी ओलांडणाऱ्या, सुमारे ४८०० किलोमीटरच्या शर्यतीत २०१५ मध्ये नाशिकचे महाजन बंधू दोघांच्या संघात, आणि २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे अमित समर्थ एकेकट्याने यशस्वी झाले. हे चौघेही डॉक्टर आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा.

येथे एक बोचरी बाब नोंदवावीशी वाटते. कोणाचे शरीर मोजण्याच्या लायकीचे मानले गेले? बावीस आणि चोवीस इंचांची सायकल ज्या सरासरी शरीरासाठी होती ते पुरुषाचे होते. बायकांसाठी आडवी दांडी काढलेली सायकल आली, पण ती साडीचा विचार करून. पाठीच्या किंवा हातांच्या लांबीचा नव्हे. अमेरिकेत जॉर्जिना टेरी यांनी १९८५ मध्ये, पुढचे चाक लहान करून आणि सांगाडा आखूड करून, स्त्रियांसाठी वेगळी सायकल विकायला काढली, तेव्हा कुठे हा प्रश्न सायकलच्या धंद्यात नीट विचारला गेला. आपल्याकडे शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात, आणि त्याचे मोल कोणी कमी लेखू नये. पण आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत वापरायची तर मधल्या चार वर्षांत मुलीची उंची थांबून राहत नाही. त्या सायकलची सीट दर वर्षी कोण वर करतो? आणि ज्यांनी आयुष्य सायकलवर काढले ते पोस्टमन, दूधवाले, पाववाले यांचे गुडघे कोणत्या कोनात वाकत होते, याची नोंद कुठेच नाही. दिवसाचे आठ तास सायकलवर असणाऱ्याला हे शास्त्र कधी भेटले नाही. रविवारी चार तास बसणाऱ्याला ते भेटले.

दोष शास्त्राचा नव्हे. त्याचा बराचसा भाग फुकट करण्याजोगा आहे. पुस्तक, भिंत, टेप आणि पाना एवढ्यावर सीटची उंची निघते, आणि बहुतेक दुखणी तिथेच संपतात. उरलेल्या मिलिमीटरांसाठी पैसे मोजायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या गुडघ्याचा प्रश्न. गावातल्या नाक्यावरचा, चाकाचा आउट काढणारा आणि पंक्चर जोडणारा मिस्त्री हे माप सहज घेऊ शकतो. किंबहुना नजरेने घेतही असतो. त्याने सीट वर केली की स्वार तक्रार करतो, पाय पोहोचत नाही म्हणून, आणि मिस्त्री ती पुन्हा खाली करून देतो.

आता घाटासाठी गियरच्या सायकली आल्या आहेत. करूळचा चढ बसूनच चढणारे पुष्कळ आहेत आणि त्यांना उंच सीट हवी असते. घाटमाथ्यावरून परत तळेऱ्याकडे उतरताना यांतले काही जण थांबून सीट बोटभर खाली घेतात, ब्रेक दाबून पाहतात, मग निघतात. फिटिंगच्या कागदावर सीटची उंची एकच लिहिलेली असते. म्हणून ते सीटच्या दांडीवर काळ्या चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवतात, एक चढाची आणि एक उताराची.