एपिक्टीटस

एपिक्टीटस : (सु. ५०–सु. १३५). रोमन साम्राज्यातील एक ग्रीक स्टोइक तत्त्ववेत्ता. मनुष्याचे खरे स्वातंत्र्य त्याच्या बाह्य स्थितीवर नव्हे, तर स्वतःच्या मनावरील स्वामित्वावर अवलंबून असते, हा विचार स्टोइक पंथात प्रथमपासूनच होता. पण त्याची सर्वांत रेखीव मांडणी एपिक्टीटसने केली. तो स्वतः गुलाम म्हणून वाढलेला असल्याने या मांडणीला विशेष महत्त्व आहे.

आशिया मायनरमधील फ्रिजिया प्रांतातील हायरापोलिस (सध्याच्या तुर्कस्तानातील पामुक्कलेजवळ) हे त्याचे जन्मस्थान. ‘एपिक्टीटस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘संपादन केलेला’ असा आहे. रोममध्ये तो एपाफ्रोडायटस याच्या मालकीचा होता. हा मालक नीरो बादशहाचा सचिव असून तोही एकेकाळी गुलामच होता. गुलामीत असतानाच एपिक्टीटसने म्यूसोनियस रूफस या स्टोइक आचार्याजवळ अध्ययन केले. तो पायाने अधू होता. मालकाने केलेल्या छळामुळे हे व्यंग आले, अशी एक कथा आहे; दुसऱ्या परंपरेनुसार ते आजारामुळे आले. पुढे त्याची गुलामीतून मुक्तता झाली. डोमिशियन बादशहाने (कार. ८१–९६) तत्त्ववेत्त्यांना रोममधून हद्दपार केले, तेव्हा तो ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरील निकॉपलिस येथे गेला. तेथेच त्याने विद्यालय चालविले व अत्यंत साधेपणाने उर्वरित आयुष्य घालविले.

त्याने स्वतः काहीही लिहिले नाही. त्याचा शिष्य एरियन याने त्याची प्रवचने ग्रीक भाषेत टिपून ठेवली. त्यांपैकी चार खंड आज उपलब्ध आहेत. त्यांतील सार काढून एरियननेच एन्कीरिडिऑन म्हणजे ‘हाताशी ठेवावयाची पुस्तिका’ तयार केली. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांचा इतिहास आणि भारतविषयक इंडिका हे ग्रंथ लिहिणारा एरियन तो हाच.

झीनोने (सु. इ. स. पू. ३३४–२६२) अथेन्समधील चित्रांनी सजविलेल्या स्तंभावलीत, म्हणजे ‘स्टोआ’त, या पंथाची स्थापना केली. सद्‌गुण हेच एकमेव श्रेय असून संपत्ती, आरोग्य, कीर्ती इत्यादी गोष्टी स्वतः चांगल्याही नव्हेत व वाईटही नव्हेत, असे स्टोइक मानीत. एपिक्टीटसने या शिकवणीला एका मूलभूत भेदाची जोड दिली. काही गोष्टी आपल्या अधीन असतात व काही नसतात. आपली मते, प्रेरणा, इच्छा व नावड या पहिल्या वर्गात, तर शरीर, मालमत्ता, लौकिक व अधिकारपदे ही दुसऱ्या वर्गात मोडतात. दुसऱ्या वर्गातील गोष्टींवर जो आपले सुख अवलंबून ठेवतो, तो त्या गोष्टी देणाऱ्याचा व हिरावून घेणाऱ्याचा दास बनतो.

हे दास्य कसे सुटते, याचे विवरण स्टोइक मानसशास्त्रात आहे. प्रसंग घडताच मनावर त्याचा ठसा उमटतो. तो टाळणे मनुष्याच्या हाती नसते. मात्र ‘हे अनिष्ट आहे’ या त्या ठशातील निर्णयाला संमती द्यावयाची की नाही, हे बुद्धीच्या हाती असते. भय, शोक, लालसा हे मनोविकार अशा चुकीच्या संमतीतून निर्माण होतात. म्हणून प्रत्येक ठसा स्वीकारण्यापूर्वी थांबून पारखून घेण्याचा नित्य अभ्यास एपिक्टीटस सांगतो. मात्र ही अलिप्तता म्हणजे दगडाची जडता नव्हे. पुत्र, बंधू, नागरिक इ. नात्यांनी येणारी कर्तव्ये पार पाडणे हा त्याच्या शिक्षणक्रमाचाच एक भाग होता.

प्रवचनांच्या चौथ्या खंडातील स्वातंत्र्यविषयक दीर्घ प्रकरणात त्याने एका गुलामाचे उदाहरण घेतले आहे. मुक्ततेच्या वेळचा पाच टक्के कर भरला की आपण सुखी होऊ, असे त्याला वाटते. पण मुक्त झाल्यावर पोटासाठी तो दुसऱ्याची खुशामत करतो, प्रेमात पडून पराधीन होतो, पुढे पदांच्या मागे लागतो आणि अखेर सीनेटचा सभासद होतो. तरी तो गुलामच राहतो, फक्त बेडी अधिक देखणी होते. बादशाही दरबाराच्या निकट वावरलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे.

या विचाराची मर्यादाही येथेच दिसते. गुलामगिरीची संस्था नष्ट करावी, अशी मागणी एपिक्टीटसने केली नाही. बेड्यांतही मनुष्य मुक्त असू शकतो, असे मानले की बेड्या तोडण्याची निकड कमी होते. स्टोइक स्वातंत्र्य केवळ विचारातले, जीवनाच्या आशयापासून तुटलेले आहे, अशी टीका हेगेलने १८०७ मध्ये केली. आयझाया बर्लिन याने १९५८ मध्ये अशा वृत्तीला अंतर्दुर्गात घेतलेली माघार मानले. तथापि जेथे बाह्य सुटकेचा मार्गच बंद असतो, तेथे या शिकवणीने अनेकांना बळ दिले. व्हिएटनाममध्ये १९६५ ते १९७३ या काळात युद्धकैदी असलेला अमेरिकन नौदल अधिकारी जेम्स स्टॉकडेल याने आपल्या धैर्याचे श्रेय एपिक्टीटसला दिले आहे.

रोमन बादशहा मार्कस ऑरीलियस (कार. १६१–१८०) याच्या चिंतनावर एपिक्टीटसचा सखोल प्रभाव आढळतो. एन्कीरिडिऑनमध्ये फेरफार करून ख्रिस्ती मठवासीयांनी ती वापरली. विसाव्या शतकात ॲल्बर्ट एलिस व एअरन बेक यांनी मानसोपचाराच्या नव्या पद्धती घडविताना स्टोइक विचाराचे ऋण मान्य केले. गुलाम व सम्राट या दोघांनाही एकच आत्मपरीक्षण लागू करणारे तत्त्वज्ञान म्हणून एपिक्टीटसच्या शिकवणीचे स्थान विशेष आहे.