अ‍ॅम्प्लिफायरची एक बाजू मुकी झाली तर...

स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर दहा-वीस वर्षे वापरात राहिला की दोन तक्रारी हमखास उद्भवतात. व्हॉल्यूमचे बटण फिरविताना स्पीकरमधून खरखर ऐकू येते, किंवा डाव्या-उजव्यापैकी एका बाजूचा आवाज अचानक बंद होतो. अशा वेळी यंत्र 'जळले' असे समजून ते भंगारात दिले जाते, अथवा अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलले जातात. वास्तविक या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा ट्रान्झिस्टरमध्ये नसून धातूच्या संपर्कांवर साचलेल्या धुळीत आणि ऑक्साइडच्या थरात असते. समुद्रकाठच्या दमट हवेत हा थर लवकर चढतो. म्हणून दोष कोठे आहे हे ठरविल्याखेरीज दुरुस्तीस हात घालू नये.

झाकण उघडण्यापूर्वी

प्रथम बॅलन्सचे बटण मध्यभागी असल्याची खात्री करावी. टेप मॉनिटर, स्पीकर 'ए' व 'बी' आणि मोनो ही बटणे पाच-दहा वेळा दाबून सोडावीत. बंद पडलेली बाजू त्यामुळे परत आली, तर दोष त्या बटणाच्या संपर्कात आहे. काही जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'प्री-आउट' आणि 'मेन-इन' यांना जोडणाऱ्या धातूच्या छोट्या पट्ट्या असतात. त्या सैल झाल्या किंवा काळवंडल्या तरी एक बाजू गप्प होते.

त्यानंतर अदलाबदलीची चाचणी घ्यावी. प्रत्येक वेळी वीज बंद करूनच जोडणी बदलावी. सीडी प्लेयरकडून येणाऱ्या डाव्या व उजव्या केबल अ‍ॅम्प्लिफायरच्या टोकाला उलट लावाव्यात. डाव्याऐवजी उजवा स्पीकर गप्प झाला, तर दोष प्लेयरमध्ये किंवा केबलमध्ये आहे. डावाच गप्प राहिला, तर केबल पूर्ववत करून स्पीकरच्या तारा उलट लावाव्यात. आता डावा वाजू लागून उजवा गप्प झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे. डावा तरीही गप्प असेल, तर तो स्पीकर किंवा त्याची तार तपासावी.

तारा उलट लावण्यापूर्वी एक दक्षता आवश्यक आहे. स्पीकर काढून, गप्प असलेल्या बाजूच्या आउटपुटवर मल्टिमीटरने डीसी व्होल्टेज मोजावे. ते ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. काही व्होल्ट भरले, तर तेथे स्पीकर जोडू नये. त्याची कॉइल जळू शकते.

खरखर का होते?

व्हॉल्यूमच्या बटणामागे पोटेन्शिओमीटर असतो. त्यात कार्बनच्या वक्राकार पट्टीवरून धातूचा बारीक संपर्क सरकतो. स्टिरिओमध्ये एकाच दांड्यावर असे दोन संच बसविलेले असतात, डाव्या बाजूसाठी एक आणि उजव्यासाठी एक. त्यामुळे खरखर आणि एका बाजूचे मौन ही दोन्ही लक्षणे याच एका भागातून निर्माण होऊ शकतात. बटण किंचित हलविताच हरवलेली बाजू परत येत असेल, तर संशय येथेच घ्यावा.

उपाय सोपा आहे. पोटेन्शिओमीटरसाठी मिळणारा वंगणयुक्त कॉन्टॅक्ट क्लीनर त्याच्या पायांजवळील फटीतून थोडासा फवारावा, बटण एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वीस-तीस वेळा फिरवावे आणि तासभर वाळू द्यावे. रॉकेल, पेट्रोल किंवा शिवणयंत्राचे तेल वापरू नये.

खरखर काही दिवसांतच परतली, तर पट्टी झिजलेली असते किंवा आधीच्या भागातील कॅपॅसिटर गळका झाल्याने पोटेन्शिओमीटरवर डीसी येत असतो. दुसऱ्या स्थितीत पोटेन्शिओमीटर नव्हे, कॅपॅसिटर बदलावा लागतो. बटणाला हात न लावताही खरखर होत असेल, तर कच्चा डाख किंवा सदोष ट्रान्झिस्टर शोधावा. नवा पोटेन्शिओमीटर मूळ किमतीचा, दुहेरी आणि 'लॉग' प्रकारचा असावा. 'लिनिअर' प्रकार बसविल्यास बटण थोडे फिरविताच आवाज एकदम चढतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठ या सुट्या भागांच्या परिचित बाजारपेठा आहेत.

रिलेची खूण

वीज सुरू केल्यावर काही सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो, तो स्पीकरचे संरक्षण करणाऱ्या रिलेचा. त्याचे संपर्क काळवंडले की मंद आवाजात एक बाजू गप्प राहते आणि आवाज वाढविताच ती एकाएकी वाजू लागते. हेडफोनमध्ये दोन्ही बाजू स्वच्छ ऐकू येत असतील, तर संशय अधिक बळावतो. अशा वेळी त्याच व्होल्टेजचा आणि त्याच क्षमतेचा नवा रिले बसविणे श्रेयस्कर.

जिवाशी खेळ नको

प्लग काढल्यानंतरही अ‍ॅम्प्लिफायरच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. मध्यम शक्तीच्या यंत्रात ते दाब ३५ ते ५० व्होल्ट असू शकते. स्क्रू-ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी पाडू नये. १ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी प्रत्येक कॅपॅसिटरवर मिनिटभर लावावा आणि मीटरने व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री करावी. ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूस २३० व्होल्ट असतात, म्हणून प्लग जोडलेला असताना आत हात घालू नये.

फ्यूज वारंवार जात असेल, तर अधिक क्षमतेचा फ्यूज किंवा तांब्याची तार लावण्याचा मोह टाळावा. आउटपुटवर डीसी असेल किंवा जळका वास येत असेल, तर यंत्र जाणकार तंत्रज्ञाकडे सोपवावे. केबल, बटण आणि स्पीकर यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष कागदावर लिहून दिल्यास त्याचा वेळ आणि ग्राहकाचा खर्च, दोन्ही वाचतात.