स्वमग्न मूल आणि त्याचे वर्गबंधु

एखादें मूल स्वमग्न आहे कीं नाहीं, हें ठरविण्यासाठीं आपल्या देशांत चाळीस कलमांची एक सारणी वापरण्यांत येते. सिकंदराबाद येथील, त्या वेळीं राष्ट्रीय मानसिक विकलांग संस्था या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें ती तयार केली, आणि २००९ सालीं ती प्रसिद्ध झाली. प्रत्येक कलमास एकापासून पांचापर्यंत गुण द्यावयाचे. बेरीज ७० च्या आंत राहिली तर मूल स्वमग्न नव्हे, ७० किंवा त्याहून अधिक भरली तर स्वमग्न, असा तिचा हिशेब आहे. या सारणींतील नववें कलम मला नेहमीं अडवून धरतें. मूल समवयस्कांशीं संबंध टिकवून ठेवीत नाहीं, अशा आशयाचें तें कलम आहे. तपासनीस तेथें आंकडा घालतो आणि दहाव्या कलमाकडे वळतो. श्रोतेहो, मैत्री जुळावयास काय किंवा तुटावयास काय, दोन पक्ष लागतात हें आपणांस घरच्या मुलांच्या भांडणांवरूनही ठाऊक आहे. येथें मात्र आंकडा एकाच पक्षाच्या नांवावर चढतो. ही रीत कशी पडली, हें पाहावयाचें तर शंभर वर्षें मागें गेलें पाहिजे.

'स्वमग्नता' हा आपला शब्द ज्या 'ऑटिझम' शब्दावरून घडला, त्याच्या मुळाशीं 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. झूरिचचे मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनीं १९११ सालीं आपल्या ग्रंथांत तो योजिला, तो मनोरुग्णांच्या एका लक्षणासाठीं. बाह्य जगाकडे पाठ फिरवून अंतर्विश्वांत बुडून जाणें, एवढाच त्याचा तेव्हां अर्थ होता. मुलांच्या या स्वभावाचें सविस्तर वर्णन फार लवकर केलें तें मॉस्कोच्या ग्रून्या सुखारेवा या विदुषीनें. १९२५ सालीं त्यांनीं सहा मुलग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. दुसऱ्याच वर्षीं ती जर्मन भाषेंत आली, पण इंग्रजी वाचकांच्या हातीं पडावयास १९९६ साल उजाडावें लागलें! सुखारेवाबाईंच्या निरीक्षणाची पद्धत लक्षांत घेण्यासारखी आहे. रुग्णालयास जोडलेल्या शाळेंत ही मुलें दीर्घकाळ राहत आणि शिकत. म्हणजे मूल चार मुलांत कसें वागतें, हें बाईंस रोज डोळ्यांनीं पाहावयास मिळे. घटकाभराच्या तपासणीवर त्या विसंबून राहिल्या नाहींत.

यानंतर १९४३ सालीं अमेरिकेंत बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनीं ११ मुलांचा आणि १९४४ सालीं व्हिएन्नाच्या हान्स आस्परगर यांनीं ४ मुलग्यांचा वृत्तांत छापला. आस्परगर यांचा निबंध वाचतांना मन चरकतें. अशीं मुलें इतरांहून निराळीं दिसतात, एवढ्याच कारणानें वर्गबंधु त्यांचा छळ करतात, शाळेच्या वाटेवर चिडविणाऱ्या पोरांचा घोळका त्यांच्याभोंवतीं जमतो, हें त्यांनीं स्पष्ट लिहून ठेविलें आहे, आणि तें लिहितांना त्यांची सहानुभूति छळल्या जाणाऱ्या मुलाकडेच आहे. परंतु याच वैद्यांनीं नाझी अंमलाखालीं दोन लहान मुलींना 'आम श्पीगेलग्रुंड' या संस्थेंत धाडण्याची शिफारस केली होती, आणि त्या दोघीही तेथें मरण पावल्या, हें हेर्विग चेख या इतिहासकारानें २०१८ सालीं जुन्या कागदपत्रांवरून दाखवून दिलें. त्या संस्थेंत सुमारे ८०० बालकांचा बळी गेला. समाजांत मिसळण्याची पात्रता हाच जेथें माणसाच्या मोलाचा मापदंड ठरतो, तेथें मूल्यमापनाचा कागद हा साधा कागद राहत नाहीं.

युद्धोत्तर काळांत या मापनास शास्त्रीय शिस्त आली, हें मान्य केलें पाहिजे. आईच्या थंडपणामुळें मूल असें होतें, हा क्रूर समज बरींच वर्षें विद्वानांतही रूढ होता. स्वतः एका स्वमग्न मुलाचे पिते असलेल्या बर्नार्ड रिमलंड यांनीं १९६४ सालीं आपल्या ग्रंथानें त्याला पहिला जबर धक्का दिला व सोबत निदानाची प्रश्नावलीही जोडली. १९६६ सालीं व्हिक्टर लॉटर यांनीं इंग्लंडांतील मिडलसेक्स परगण्यांत मोजणी करून दर दहा हजारांत ४.५ मुलें असें प्रमाण काढलें. पुढें १९८० सालीं शॉपलर यांची १५ कलमांची मापनश्रेणी आली. १९८९ सालीं कॅथरीन लॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरीक्षणाची बांधीव पद्धत ठरवून दिली. तींत तपासनीस आणि मूल खेळणीं घेऊन बसतात आणि तपासनीस टिपण करतो. वेगवेगळ्या ठिकाणचे तपासनीस एकाच निष्कर्षाप्रत यावेत, म्हणून हें सारें आवश्यकच होतें. मात्र त्या खोलींत एक समंजस प्रौढ आणि एक मूल एवढेंच असतें. मधल्या सुटीचें मैदान तेथें नसतें.

तेवढ्यांत शाळांचीं दारें उघडूं लागलीं होतीं. अमेरिकेंत १९७५ सालीं सर्व अपंग बालकांच्या शिक्षणाचा कायदा झाला. १९९४ सालीं स्पेनमधील सालामांका येथें ९२ सरकारांच्या प्रतिनिधींनीं समावेशक शाळेचा पुरस्कार केला. आपल्याकडे १९९५ च्या अपंगविषयक कायद्यांत स्वमग्नतेचें नांवही नव्हतें, तें २०१६ च्या कायद्यांत आलें. मूल वर्गांत येऊन बसलें. आतां शेजारच्या बांकावरील मुलांचें काय, हा प्रश्न संशोधकांपुढें आपोआपच उभा राहिला.

या बाबतींत लॉस एंजेलिसच्या कॉनी कसारी आणि त्यांचे सहकारी यांचा २०१२ सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. सर्वसाधारण वर्गांत शिकणारीं ६० स्वमग्न मुलें त्यांनीं निवडलीं. कांहीं मुलांना स्वतःलाच मैत्रीचे धडे दिले. कांहींच्या बाबतींत मुलाला कांहीं न शिकवितां त्याच्या वर्गांतील तीन मुलांना, एकट्या पडलेल्या सवंगड्यास खेळांत कसें ओढावें, हें शिकविलें. कांहींच्या बाबतींत दोन्ही केलें, तर कांहींच्या बाबतींत कांहींच नाहीं. सहा आठवड्यांनीं पाहतात तों, जेथें सोबत्यांना शिकविलें होतें तेथें ही मुलें वर्गाच्या घोळक्यांत अधिक सामावलीं होतीं आणि मैदानावर कमी एकटीं दिसत होतीं. म्हणजे मुलाला दुरुस्त करण्यापेक्षां शेजाऱ्याला शिकविणें अधिक फलदायी ठरलें! आपल्याकडील पालक शिकवणीवर आणि उपचारांवर किती पैसा ओततात, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांनीं या निष्कर्षावर क्षणभर थांबावें.

मैदानावरच आणखी एक गोष्ट उघडकीस आली. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणांत असें दिसलें कीं, स्वमग्न मुलगे मैदानावर एकटे फिरतांना सहज ओळखूं येतात. मुली मात्र घोळक्याच्या कडेकडेनें राहतात, आंत शिरतात, पुन्हां बाहेर पडतात, आणि दुरून पाहणाऱ्या शिक्षकाला सारें आलबेल वाटतें. निदानाच्या यादींत मुली कमी कां, या जुन्या प्रश्नाचें निदान एक उत्तर येथें आहे. त्याच वर्षीं नोआ सॅसन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, स्वमग्न व्यक्तीला कांहीं सेकंद पाहतांच लोक तिच्याशीं बोलण्यास नाखूष होतात. पण चित्र आणि आवाज वगळून तिचे नुसते शब्द वाचावयास दिले, कीं ही नाखुषी नाहींशी होते. दोष शब्दांत नव्हता, पाहणाऱ्याच्या पहिल्या नजरेंत होता. ब्रिटनमधील डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, यांनीं २०१२ सालींच असें मांडलें होतें कीं, एकमेकांस न समजण्याची ही अडचण दुहेरी आहे.

कॅनर यांच्या निबंधांतील पहिला मुलगा डॉनल्ड ट्रिप्लेट. मिसिसिपी राज्यांतील फॉरेस्ट नांवाच्या लहानशा गांवीं १९३३ सालीं तो जन्मला. तो तीन वर्षांचा असतां वैद्यांच्या सल्ल्यानें त्याला एका संस्थेंत ठेवण्यांत आलें. वर्षभरानें आईबापांनीं त्याला परत आणलें, आणि पित्यानें कॅनर यांना ३३ पानांचें पत्र टंकून पाठविलें. पुढें कांहीं काळ तो एका शेतकरी दांपत्यापाशीं राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता, म्हणून त्या शेतकऱ्यानें त्याला विहिरीची खोली मोजावयास लाविलें, नांगरतांना मक्याच्या ओळी मोजूं दिल्या. मग तो गांवच्याच हायस्कुलांत शिकला, १९५८ सालीं पदवीधर झाला, गांवच्या पेढींत आयुष्यभर नोकरी केली, देशोदेशीं प्रवास केला आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं वारला. तो ओळखीच्या माणसांना क्रमांक देई. कित्येक वर्गबंधूंना आपला क्रमांक म्हातारपणींही पाठ होता. जॉन डॉनव्हन आणि कॅरेन झुकर हे दोन पत्रकार त्याची हकीकत लिहावयास गेले, तेव्हां डॉनल्डला दुखवाल तर खबरदार, अशी तंबी त्यांना गांवकऱ्यांनीं दिली. येथें एक गोष्ट झांकून ठेवतां कामा नये. डॉनल्डच्या घराण्याचा गांवच्या पेढींत हिस्सा होता, आणि तो ज्या शाळेंत शिकला ती केवळ गोऱ्यांची होती. त्याच गांवांतील काळ्या मुलाच्या वांट्याला अशी माया आली असती, असें मानण्यास आधार नाहीं.

शाळेंत असतांना डॉनल्डनें इमारतीच्या दर्शनी भिंतीकडे एकदांच पाहून विटांची नेमकी संख्या सांगितली, अशी आख्यायिका त्याच्या गांवांत पन्नास वर्षांहून अधिक काळ मोठ्या अभिमानानें सांगितली जात होती. पत्रकारांनीं वृद्धापकाळीं त्याला त्याबद्दल विचारलें. तेव्हां त्यानें सांगितलें कीं, तो आंकडा त्यानें मनानेंच ठोकून दिला होता. त्या मुलांचें आपल्याविषयीं चांगलें मत व्हावें, एवढीच त्याची इच्छा होती.