पडक्या भिंतीतली वीट

वारकऱ्याला विटेचं महत्त्व वेगळं सांगायला नको. पुंडलिकाने मायबापाची सेवा न सोडता मागे वीट सरकवली आणि देव तिच्यावर उभा राहिला, ही कथा आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती वीट नवीकोरी होती की कुठल्या पडक्या भिंतीची, हे कथा सांगत नाही. हाताशी होती, एवढंच. हा लेख आपल्या भागातल्या जुन्या विटेबद्दल आहे. गावोगावचे मठ, धर्मशाळा, सभामंडप पाडून नवे उभे राहत आहेत आणि पाडलेल्या विटा ट्रॉल्या भरभरून रस्त्याच्या भरावात चालल्या आहेत, म्हणून हे लिहायचं.

जालना जिल्ह्यात विटेचं वय मोजायचं तर भोकरदनला जावं लागतं. केळणेच्या काठचं हे गाव म्हणजे जुनं भोगवर्धन. इथल्या माणसांनी केलेल्या दानाची नोंद पार सांची आणि भरहुतच्या स्तूपांवर कोरलेली आहे. १९७३ साली शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं आणि सातवाहनकाळचं नांदतं गाव पांढरीखालून वर आलं. त्या काळची वीट आजच्या नऊ इंची विटेच्या जवळपास दुप्पट लांब असे. एका हाताने उचलायची ती वीटच नव्हे. पुढे वाड्या-गढ्यांच्या काळात वीट पातळ झाली, दीड-दोन बोटं जाडीची, आणि चुन्यात बसू लागली. ज्याला विटा ओळखता येतात त्याला भिंत बघून काळ सांगता येतो.

तेरला गेलेल्यांनी तिथलं त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर पाहिलं असेलच. गोरोबाकाकांचं गाव ते. तिथली पाण्यावर तरंगणारी जुनी वीट प्रसिद्ध आहे. मातीत तूस, भुसा मिसळला की भाजताना तो जळून जातो आणि आत बारीक पोकळ्या राहतात, म्हणून वीट हलकी होते. यात चमत्कार नाही, कुंभाराची अक्कल आहे; आणि मला तीच मोठी वाटते. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी वाजवून कच्चं-पक्कं पाहिलं, ती परीक्षा गवंडी आजही विटेवर करतो. दोन विटा एकमेकींवर हळू आपटायच्या. खणखणीत वाजली तर पक्की, बद् वाजली तर कच्ची नाहीतर आतून तडकलेली.

जुनी वीट वापरणं म्हणजे पुण्यच, असंही नाही. पंजाबात हडप्प्याला १८५० च्या दशकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना ठेकेदारांनी टेकाड उकरून हजारो वर्षांच्या विटा रुळांखाली खडी म्हणून घातल्या. शंभरेक मैल पुरतील एवढ्या विटा तिथून गेल्याचं कनिंगहॅम साहेबाने लिहून ठेवलं आहे. एक अख्खं शहर असं पोखरलं गेलं. म्हणून आपल्याकडेही पांढरीत मोठी जुनी वीट लागली तर ती उकरून आणू नये, जागेवर ठेवून तहसीलला, पुरातत्त्व खात्याला कळवावं. आपण बोलतोय ते आपल्याच पडलेल्या मठाच्या, ओसरीच्या विटेबद्दल.

ती कशी काढायची? जेसीबीने तर नाहीच. भिंत वरून खाली, थराथराने उतरवायची. चुन्यातली किंवा मातीतली वीट असेल तर काम सोपं आहे, कारण चुना विटेपेक्षा मऊ असतो. सांध्यावर वासुलीचा हलका ठोका बसला की तो सुटतो. सिमेंटचं उलटं आहे. सिमेंट विटेपेक्षा कठीण, त्यामुळे सांधा सुटायच्या आधी वीटच फुटते. हेच ध्यानात ठेवून जुनी वीट पुन्हा लावतानाही चुनाच वापरावा. म्हणजे आपल्या नातवांनाही ती परत काढता येईल.

साफ करताना लोकांची घाई होते. कोणी ग्राइंडर लावतो, कोणी तेजाब ओततो. वीट लालभडक होते खरी, पण भाजलेली वरची कातडी निघून जाते, आत पाणी शिरतं आणि चार पावसाळ्यांत ती भुगा सोडू लागते. तेजाबाने आणखी क्षार आत मुरतात ते वेगळेच. त्यापेक्षा बोथट पात्याने चुना खरवडावा, काथ्याच्या कुंच्याने झाडावं, साध्या पाण्याने धुवावं. पांढरा खार फुटलेल्या विटा हौदात भिजत घालून दोन-चार दिवस पाणी बदलत राहावं आणि सावलीत वाळवाव्यात. नंदादीपाची काजळी, शेंदराचा ओघळ, कुंभाराच्या बोटांचे ठसे हे मात्र राहू द्यावेत. ती घाण नव्हे. आणखी एक गोष्ट जुने गवंडी सांगतात: भिंतीच्या बाहेरच्या अंगाची वीट चांगली भाजलेली असे, आतल्या भरावाला कच्ची चाले. उतरवतानाच खडूने खूण करून दोन ढीग वेगळे ठेवले नाहीत, तर आतली मऊ वीट पावसाच्या तोंडी जाते.

२०२४ साली पंढरपुरात १५ मार्चपासून पदस्पर्शदर्शन बंद होतं, ते २ जूनला सुरू झालं. त्या काळात मंदिरातल्या मागाहून बसवलेल्या फरश्या, संगमरवर काढून मूळ काळा दगड मोकळा केला गेला. दर्शनाला गेलेली म्हातारी माणसं मंदिर जुनं झालं म्हणून हरखली. राउळात जे चाललं ते गावच्या मठात का चालू नये? टाइल्स लावणं स्वस्त पडतं, हे उत्तर मला पटत नाही. विटा आधीच आपल्या आहेत. लागते ती मजुरी.

आणि मजुरीचं नाव निघालं की चोखोबांची आठवण होते. आपल्या सीमेला लागून देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणाराजा, तिथे त्यांचा जन्म मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले, सन १३३८. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू येई, त्यावरून नामदेवरायांनी ती ओळखून पंढरीला आणली, असं परंपरा सांगते. म्हणून भिंत उतरवताना आधी टेकू द्यावा, खाली कोणी उभं राहू नये, गड्यांना पूर्ण रोज द्यावा आणि पंगतीत त्यांची पानं आपल्या ओळीत मांडावीत.

शेवटी अर्ध्या-मुर्ध्या विटा उरतातच. त्यांतले मोठे तुकडे कोब्याखाली जातात. बारीक तुकडे कुटून, चाळून त्याची सुरखी करावी. चुन्यात मिसळली की ओलीतही चुना धरतो. खरवडलेला जुना चुनाही चाळून वाळूसारखा नव्या चुन्यात घालता येतो. आणि अख्ख्या विटांमधून दहा-वीस निवडून तुळशीवृंदावनाला राखून ठेवाव्यात, वीणेकऱ्याच्या जागेसमोर ते बांधायचं झालं तर कामाला येतील.