स्पाइन-लीफची कुळकथा

ऐरोली-महापे पट्ट्यातल्या डेटा सेंटरांत आज नेटवर्कची एक ठरावीक मांडणी असते: प्रत्येक रॅकला एक 'लीफ' स्विच, त्यांच्यावर 'स्पाइन' स्विच, आणि प्रत्येक लीफपासून प्रत्येक स्पाइनला केबल. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज.

कमी जोडबिंदूंत कुणाचाही कॉल न अडवता सगळ्यांना जोडायचे कसे, हा तिथला प्रश्न १९५३ साली बेल लॅब्जच्या चार्ल्स क्लॉस यांनी सोडवला. शंभर जणांना समोरच्या शंभरांशी हवे तसे जोडायचे, तर सरळ चौकटीत १०,००० जोडबिंदू लागतात. क्लॉसनी स्विचांचे तीन थर केले आणि दोन्ही टोकांना दहा-दहा जणांचे गट पाडले. मधे स्विच किती हवेत? नवा कॉल लावायचा त्या क्षणी फोन करणाऱ्याच्या गटातले उरलेले नऊही बोलत असतील, घेणाऱ्याच्या गटातलेही नऊ. फारच वाईट वेळ आली, तर या अठरा कॉलनी अठरा वेगवेगळे मधले स्विच अडवलेले असतील. म्हणून एकोणिसावा. मग कुणाचाच कॉल अडत नाही आणि जोडबिंदू लागतात फक्त ५,७००. इतका साधा आणि इतका पक्का युक्तिवाद तंत्रज्ञानात क्वचितच सापडतो.

समांतर संगणकांना हा वारसा जरा उशिरा मिळाला. १९९१ मध्ये पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' उभा केला. त्यात ६४ ट्रान्सप्युटर, म्हणजे एकमेकांना थेट जोडता येणारे प्रोसेसर होते आणि प्रत्येकाला चारच दुवे. चौसष्टांचा हायपरक्यूब, म्हणजे सहा मितींचा घन केला तर निरोप जास्तीत जास्त सहा टप्प्यांत पोचतो, पण प्रत्येकाला सहा दुवे लागतात. आठ बाय आठच्या जाळीत चारांवर भागते. टप्पे मात्र चौदापर्यंत जातात. शिवाय यंत्र मधोमध कापले, तर हायपरक्यूबच्या ३२ तारा तुटतात, जाळीच्या आठच. मी आधी हाच आकडा पाहतो. मुंबई-नवी मुंबईची वाहतूकही दोन्हीकडचे रस्ते किती रुंद यावर नाही, खाडीपुलांवर किती लेन आहेत यावरच ठरते. परमची जोडणी कामानुसार बदलता येई, हे त्याचे मोठे बळ. १९९४ च्या 'परम ९०००' ने क्लॉसचे जाळेच घेतले. त्यावर दोनशेपर्यंत प्रोसेसर जोडता येत.

स्पाइन-लीफ म्हणजे तेच जाळे मधोमध दुमडलेले. इथे निरोपाचे तुकडे अनेक वाटांनी पाठवता येतात, त्यामुळे एकोणिसाची अट उरत नाही, आणि मालक वरच्या केबली कमी करून पैसे वाचवतात. वेबसाइटींना ते चालते, कारण सगळे सर्व्हर एकाच वेळी बोलत नाहीत. हवामानाचे गणित किंवा एआयचे प्रशिक्षण चालू असताना मात्र सगळे एकदमच बोलतात. तिथे स्पाइनवर पुरता खर्च करावाच लागतो.